दोन विहिणींचा करार

आमोदखेडे, ता. रावेर
२० फेब्रुवारी २०२५

सौ. यशोदाबाईंना कुंदाचा नमस्कार.

फोन सोडून मी पत्र का लिहिते हे तुम्हाला सांगायला नको. चार वर्षांपूर्वी आखाजीच्या सणाला मोहिनी माहेरी आली होती, सण झाल्यावर तुम्ही फोनवर "आता सुनेला पाठवा" म्हणालात आणि माझ्या अधू डाव्या कानानं "आता सोनं पाठवा" ऐकलं. तीन दिवस दोन्ही घरांत तोंडं फुगली होती. मोहिनी आणि तुमच्या ललितनं समजूत घातली नसती तर आजही फुगलेली असती. त्यामुळे पैशाचा विषय असला की मी कागदावरच बोलणार.

आणि विषय पैशाचाच आहे. गेल्या आठवड्यात जळगावला मेहरूणमध्ये पतसंस्थांचं शिबिर होतं. आमच्या सूर्यकन्या महिला पतसंस्थेतर्फे मी गेले होते. पुण्याचे एक तरुण प्राध्यापक बोलले. मी डाव्या बाजूला बसल्यानं उजव्या कानानं सगळं ऐकू आलं. ते म्हणाले, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या देशांवर पैशाचं संकट कोसळलं. एका देशातून लोक घाबरून पैसा काढायला लागले की शेजारच्या देशातले लोकही घाबरायचे. धडधाकट देशही असे आडवे झाले. हात पोळल्यावर त्यांनी आपसात लिहून ठेवलं की कुणावर वेळ आली तर शेजाऱ्यानं किती आणि कसा आधार द्यायचा. संकट येण्याच्या आधी लिहून ठेवलं, हे महत्त्वाचं.

मी परतीच्या बसमध्ये विचार करत होते. आता जगात जो तो आपलं आपलं बघतोय. कुणी जकात वाढवतो, कुणी समुद्रातला रस्ता अडवतो. आमच्या गावचं केळं आखातात जातं. तिकडे कुणी कुणावर रॉकेट सोडलं की आमच्या हितेंद्रचे कंटेनर अडकतात. हितेंद्र म्हणजे आमचा निर्यातदार, अर्ध्या गावाचं केळं त्याच्या पॅकहाऊसमधून जातं. तुमच्या कापसाचा भावसुद्धा धुळ्यात कुठे ठरतो?

तर मला सुचलं ते असं. तुमची पांझराकाठ पतसंस्था आणि आमची सूर्यकन्या, दोघींना दोन्ही जिल्ह्यांत काम करायची परवानगी आहे. दोघींनी थोडा पैसा बाजूला ठेवायचा. एकीच्या दारात पैसे काढायला गर्दी झाली तर दुसरीनं दोन दिवसांत मदत पोहोचवायची, सहा महिन्यांत परत घ्यायची. केळी आणि कापूस सहसा एकाच दिवशी आजारी पडत नाहीत. इतक्या देशांना जमतं ते दोन विहिणींना का जमू नये?

कळवा. मोहिनीला सांगा, तिच्या बाबांचा गुडघा बरा आहे.

आपली,
कुंदा भंगाळे


धुळे
३ मार्च २०२५

सौ. कुंदाबाईंना नमस्कार.

पत्र मिळालं. वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. देश, जकाती, रॉकेटं, आणि शेवटी लीलाधरभाऊंचा गुडघा. वर्तमानपत्र बंद केलं तरी चालेल असं वाटलं.

मोहिनी मजेत आहे. परवा तिनं शेवभाजी केली. ललित दोन घास खाऊन पाणी प्यायला उठला तो परत बसलाच नाही. मी मात्र दोनदा वाढून घेतली. केळीच्या मुलखातली मुलगी इतकं तिखट कुठे शिकली?

तुमचा विषय आमच्या मंडळापुढे ठेवला. आम्ही अकरा जणी. नऊ जणींनी माना हलवल्या, पण आडव्या. आमच्या तापाबाई काय म्हणाल्या ते तसंच लिहिते: "त्या केळीवालासले आपण काबर पैसा देवाना? आपला पैसा आपला गावमा बरा शे." त्यांचा कापूस बारा एकरांचा आहे आणि आवाज वीस एकरांचा.

माझं मत विचाराल तर मलाही जरा अवघडच वाटतं. तुमचा कारभार चोख आहे यात शंका नाही. पण एका विहिणीनं दुसरीच्या दारात पैशासाठी उभं राहायचं, हे बरं दिसत नाही. उद्या कमी-जास्त झालं तर मोहिनी आणि ललितनं कुणाकडे बघायचं?

तूर्त विषय विचाराधीन ठेवते.

आपली,
यशोदा


आमोदखेडे
१२ मार्च २०२५

सौ. यशोदाबाई,

पत्र पोहोचलं. मी पैसे मागितले नव्हते. दोघींनी दोघींसाठी काही करून ठेवावं असं म्हटलं होतं. तुम्हाला ते दारात उभं राहणं वाटलं, म्हणजे मला नीट लिहिता आलं नाही.

विषय माझ्याकडून संपला.

मोहिनीला मिरची आमच्याच घरी शिकवली. केळीच्या मुलखात आम्ही नुसती केळी खात नाही.

कुंदा भंगाळे


धुळे
२२ एप्रिल २०२५

सौ. कुंदाबाईंना नमस्कार.

मोहिनीला सोमवारी ललितबरोबर पाठवतेय. आखाजी झाल्यावर पाच-सहा दिवस राहू द्या, घाई नाही. (सोनं पाठवू नका. सून तेवढी पाठवा.)

इथे ऊन असं आहे की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. संस्थेत वाचायला काही नाही. त्या शिबिरात तुम्हाला जे कागद दिले होते ते असतील तर मोहिनीबरोबर द्या. सहज चाळीन म्हणते.

आणि मागच्या पत्रातल्या कुठल्या वाक्याचा राग आला असेल तर ते वाक्य खोडलं असं समजा. मला लिहिताना हात आवरत नाही, हे ललितच्या वडिलांनीही अनेकदा सांगितलंय.

आपली,
यशोदा


आमोदखेडे
६ मे २०२५

सौ. यशोदाबाईंना नमस्कार.

कागद मोहिनीजवळ दिलेत. रद्दीत घातले तरी चालतील. सोबत केळीच्या वेफर्सचे दोन डबे आहेत, ते मात्र रद्दीत घालू नका.

मोहिनीनं सांगितलं की तुम्ही हल्ली वरचेवर कुठल्याशा सरकारी कार्यालयात चकरा मारता. उन्हाचं जपा.

कुंदा


आमोदखेडे
१९ जून २०२५

सौ. यशोदाबाईंना नमस्कार.

खूप दिवसांत पत्र नाही म्हणून चार ओळी. इकडे सगळं ठीक. पाऊस दोन दिवस पडून गेला. बागा उभ्या आहेत. संस्थेतही नेहमीचंच. बातम्यांत आखाताचं काही ऐकाल, त्याची काळजी नसावी. आमच्यापर्यंत काही आलेलं नाही.

मोहिनीला काही सांगण्यासारखं नाही, म्हणून तिला वेगळं लिहीत नाही. तिला इतक्यात इकडे पाठवू नका, रस्त्याचं काम चालू आहे.

घाईत हाताला आला त्या कागदावर लिहिलं, राग नसावा.

कुंदा


धुळे
रविवार, २२ जून २०२५

प्रिय आई,

हे पत्र सासूबाईंच्याच पिशवीत, पाकीट चिकटवून देतेय. त्या उद्या पहाटेच्या बसनं तुझ्याकडे निघताहेत. तुला कळवू नको म्हणाल्या. मी कळवलेलं नाही. पत्र त्यांच्याबरोबरच पोहोचणार, म्हणजे माझा शब्द राहिला.

तुझं पत्र काल आलं. सासूबाईंनी वाचलं, म्हणाल्या, "बरं आहे म्हणतात." मग कागद उलटा केला आणि खुर्चीत बसल्या. आई, तू ते पत्र पैसे काढायच्या पावतीच्या मागे लिहिलंस! कुणाची तरी सही चुकली म्हणून रद्द केलेली पावती होती. त्यावर शिक्का, अठरा जून. त्या दिवसाचा क्रमांक दोनशे चौदा. आणि रकमेच्या जागी लिहिलेलं, 'संपूर्ण शिल्लक, खाते बंद'.

सासूबाईंनी मला विचारलं, "तू लग्नाआधी तिथे काम करायचीस. दिवसाला किती पावत्या व्हायच्या?"

मी म्हटलं, "पंचवीस. बाजाराच्या दिवशी चाळीस."

"आणि ही दोनशे चौदावी," त्या म्हणाल्या. "आणि रस्त्याचं काम चालू आहे म्हणे!"

मी तुला फोन लावला, तू उचलला नाहीस. मग बाबांना लावला. बाबांनी सगळं सांगितलं, तुझी शपथ मोडून. जहाजं थांबली, हितेंद्रभाऊंचे नऊ कंटेनर अडकले, आणि कुणीतरी व्हॉट्सअॅपवर फिरवलं की सूर्यकन्येचा सगळा पैसा समुद्रात अडकलाय. बाबा म्हणाले, "खरं तर पॅकहाऊसला दिलेलं कर्ज फार नाही, पण ऐकतंय कोण? बाकी पैसा बागांमध्ये आहे, घड कापल्याशिवाय परत येत नाही. मंगळवारपर्यंत पुरेल इतकाच हातात आहे. मी म्हटलं धुळ्याला कळव. तुझी आई म्हणते, जीव गेला तरी त्या दारात जाणार नाही."

आई, हे मी सासूबाईंना सांगितलं. शेवटचं वाक्यसुद्धा. लपवलं असतं तर तेही चुकीचंच झालं असतं. त्या आत गेल्या, साडी बदलून आल्या आणि आमच्याच ओसरीवर मंडळाची तातडीची सभा बोलावली. चहा मी केला, म्हणून सगळं ऐकलं.

तापाबाई सुरुवातीलाच कडाडल्या, "बठ्ठा पैसा बुडी जाई! मंग आपण काय करशुत?"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तापाबाई, उद्या आपला दारमा गर्दी व्हयनी, त मंग आपली मदतले कोण ई?"

"आपलाकडे काबर व्हई?"

"अमेरिकेनं कपड्यांवर जकात वाढवली तर सूतगिरण्या कापूस घेतील का? तुमचा कापूस घरात पडून राहिला तर तुम्ही हप्ता भराल का? आणि तुमच्यासारख्या शंभर जणींनी नाही भरला तर?"

मग पुनम, मंडळातली सर्वांत लहान, तिनं विचारलं, "पण अध्यक्षबाई, दुसऱ्या संस्थेला पैसे द्यायच्या सरकारी परवानगीला महिने लागतील ना?"

तेव्हा सासूबाईंनी पिशवीतून एक कागद काढला. तो कसला, हे त्याच तुला सांगतील. मी सांगणार नाही, मला याच घरात राहायचं आहे.

हात वर करायला सांगितले तेव्हा अकरापैकी आठ वर गेले. नववा तापाबाईंचा, अर्धाच. सासूबाई म्हणाल्या, "अर्धा धरत नाही." मग पूर्ण वर गेला.

आई, त्यांना चहा साखर कमी लागते. आणि बोलताना त्यांच्या डाव्या बाजूला बस, म्हणजे तुझा उजवा कान त्यांच्याकडे येईल.

तुझी,
मोहिनी


आमोदखेडे
२७ जून २०२५

सौ. यशोदाबाईंना कुंदाचा मनापासून नमस्कार.

तुम्ही सोमवारी आलात आणि मंगळवारी गेलात. त्या दोन दिवसांत आपल्याला धड बोलता आलं नाही, माणसंच इतकी होती. म्हणून आता लिहिते. तुम्ही काउंटरच्या बाहेर होतात. आतून कसं दिसत होतं, ते तुम्हाला माहीत नाही.

सोमवारी दहाला दार उघडलं तेव्हा रांग पिंपळापर्यंत गेली होती. आमची व्यवस्थापक किरण हिशोब करून बसली होती. मला म्हणाली, "बाई, उद्या दुपारपर्यंत. त्यानंतर शटर ओढावं लागेल." मी तिला म्हटलं, शटर ओढायचं नाही, लागलं तर माझ्या घरचं कणगीतलं धान्य विकू. तोंडानं म्हटलं खरं. त्या धान्यानं एक तासही निघाला नसता.

रांगेत पहिली वच्छलाबाई. पॅकहाऊसमध्ये केळी धुऊन खोक्यात भरते. अकरा वर्षं दर शनिवारी थोडं थोडं टाकत आली. मला म्हणाली, "कुंदाबाई, तुमच्यावर माहा राग नाही. पण माहे पैशे आजच पाह्यजे. पोरीचं लगन हाये." मी काय बोलणार? पैसे तिचे. मी स्वतः मोजून दिले. तिच्यानंतर दुसरी, तिसरी. कुणी डोळ्याला डोळा देईना. ज्यांच्या बाळंतपणाला मी धावले त्या बायका माझ्याकडे न बघता सही करत होत्या. यशोदाबाई, पैसा जातोय याचं दुःख नव्हतं. पंधरा वर्षांत एकदाही माझ्या हातून कुणाचा रुपया हलला नाही, हे कुणाला आठवेना, याचं होतं.

साडेअकराला बाहेर कुजबुज झाली. मला वाटलं भांडण लागलं. किरण खिडकीतून बघून आली आणि म्हणाली, "धुळ्याच्या चार बायका आल्यात. एक रांगेत उभी आहे."

मी म्हटलं, "कोण?"

"तुमच्या विहीणबाई."

मी बाहेर आले. तुम्ही रांगेच्या पार शेवटी, डोक्यावर पदर, हातात पिशवी. मी म्हटलं, "आत या." तुम्ही सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "काबर? रांग शे ना. माझा नंबर आल्यावर येईन."

एक तास तुम्ही उन्हात उभ्या होतात. तुमच्या पुढच्या-मागच्या बायकांनी विचारलं, किती काढायचेत? आणि तुम्ही म्हणालात, "काढायला नाही, भरायला आलेय." हे वाक्य रांगेतून तुमच्या आधी आत पोहोचलं. तुमचा नंबर येईपर्यंत गावात एकही माणूस नव्हता ज्यानं ते ऐकलं नव्हतं.

आणि मग आमच्या किरणनं तुमचं आधार कार्ड मागितलं! मी म्हटलं, अगं माझी सख्खी विहीण आहे. ती म्हणाली, "नियम म्हणजे नियम, बाई." तुम्ही हसून कार्ड दिलंत, दोन फोटो दिलेत, अर्जावर तीन सह्या केल्यात, आणि स्वतःचे पन्नास हजार मुदत ठेवीत टाकलेत. त्यानंतर पिशवीतून तो धनादेश. पांझराकाठच्या शिक्क्याचा, चाळीस लाखांचा. आणि सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयाचं परवानगीपत्र.

रांग लगेच मोडली असं नाही. दुपारपर्यंत माणसं काढतच होती. पण रांगेत गप्पा सुरू झाल्या. गप्पा सुरू झाल्या म्हणजे भीती कमी झाली. चारला रांग पिंपळावरून पायरीवर आली. मंगळवारी पावत्या साठ. काल एकतीस.

हितेंद्रचे पाच कंटेनर मुंबईहूनच मागे वळवले, केळं दिल्लीच्या बाजारात पडत्या भावात गेलं. चार आता निघालेत, तोफा थांबल्या म्हणतात. नुकसान झालं, पण बुडालं कुणीच नाही. तुमच्या चाळीस लाखांतले आम्ही नऊच वापरले. बाकी नुसते तिथे आहेत एवढ्यावरच काम झालं.

आता माझी कबुली. मी तुम्हाला खोटं लिहिलं. तुमच्या त्या दारात उभं राहण्याच्या वाक्याचा काटा बोचत होता. माझा अभिमान राखायला चार हजार बायकांचा पैसा पणाला लावला असता मी. मोहिनीचे बाबा दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हते. त्यांचं बरोबर होतं.

पण मला एक कळत नाही. परवानगीपत्रावर तारीख अठ्ठावीस मेची आहे. तुम्ही तर विषय विचाराधीन ठेवला होतात ना?

आपली,
कुंदा


धुळे
५ जुलै २०२५

प्रिय कुंदाबाई,

पकडलंत. तारखेवर बोट ठेवायला तुम्हीच हव्यात.

मार्चमधलं तुमचं ते तीन ओळींचं पत्र आलं आणि मला झोंबलं. बरोबर होतं म्हणून झोंबलं. मग मी सरकारी कार्यालयात चौकशी सुरू केली, शिबिराचे कागद मागवले, वाचले, अर्ज केला. एप्रिल-मेच्या उन्हात सात चकरा मारल्या. मंडळाचा ठराव तेवढा राहिला होता. परवानगी आली तेव्हा वाटलं, आता कुंदाबाई एकदा तरी विचारतील, काय झालं त्या विषयाचं? मग मी कागद काढून दाखवीन. तुम्ही विचारलं नाहीत. मीही सांगितलं नाही. महिनाभर तो कागद माझ्या कपाटात साड्यांखाली होता. तुम्ही तुमच्या अभिमानाबद्दल लिहिता, माझा किती आहे ते बघा.

आणि आधी नकार का दिला होता, तेही सांगते. हे मी ललितलाही नीट सांगितलेलं नाही.

माझी आई, धुरपदाबाई, पारोळा तालुक्यातल्या आमच्या खेड्यात राहायची. वडील गेल्यावर तिनं दोन म्हशी विकून पैसे एका पतसंस्थेत ठेवले होते. ती संस्था आता नाही, नाव घेत नाही. संस्था बुडणार अशी अफवा उठली तेव्हा मी शिक्षिका होते, सुट्टी टाकून आईबरोबर रांगेत उभी राहिले. अकरा दिवस आम्ही रोज गेलो. आई घरून भाकरी बांधून आणायची, रांगेतल्या बायकांना अर्धी अर्धी द्यायची. रोज आम्ही रस्त्याकडे बघायचो. कुणीतरी मोठा माणूस, कुणी अधिकारी, कुणी शेजारची संस्था येईल आणि म्हणेल, घाबरू नका. बाराव्या दिवशी कुलूप लागलं. पुढे हिशोब निघाला तेव्हा कळलं, संस्था बरी होती. थोडा आधार मिळाला असता तर चालली असती. आईला निम्मे पैसे नऊ वर्षांनी मिळाले, तेही ती गेल्यावर, माझ्या नावानं.

तेव्हापासून मी दुसऱ्याच्या पैशाला आणि दुसऱ्याच्या भरवशाला लांबूनच नमस्कार करते. तुमचं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा भीतीच वाटली. मग तुमची ती पावती हातात आली. दोनशे चौदा. मला आईची रांग दिसली. त्या रांगेत जे कुणी आलं नव्हतं, ते आपण व्हावं, इतकंच सुचलं. आणि रांगेत शेवटी उभी राहिले ती मुद्दाम नव्हे. मला दुसरी जागा ठाऊकच नाही.

किरणला सांगा, आधार कार्ड मागितलंत ते छान केलंत. तिला आमच्याकडे पाठवता का? आमचा व्यवस्थापक ज्ञानेश्वर ओळखीच्या माणसाला फॉर्मसुद्धा भरायला लावत नाही.

तुमची,
यशोदा

ता. क. एरंडोलच्या महिला पतसंस्थेनं विचारलंय, आम्हालाही करारात घ्याल का? मी म्हटलं, कुंदाबाईंना विचारून सांगते.


धुळे
१ सप्टेंबर २०२५

प्रिय कुंदाबाई,

एरंडोलचा ठराव झाला. आता आपण तिघी.

यावेळी सगळं ठीक आहे असं लिहिणार नाही. अमेरिकेची जकात वाढली, कपड्यांच्या गिरण्या हात आखडून बसल्यात. त्यातच बाहेरच्या कापसावरचं आयात शुल्क सरकारनं काही महिने काढलं. नवा कापूस घरात यायच्या आधीच भाव खाली आलेत. आमच्या बायका शेतात बोंडं बघतात आणि संस्थेत येऊन शिल्लक विचारतात. काढणाऱ्या कमी, विचारणाऱ्या जास्त. तापाबाई परवा दोनदा येऊन विचारून गेल्या. तरी रोजच्या तीस पावत्या पंच्याऐंशीवर गेल्यात.

आमची तब्येत चांगली आहे, हिशोब तपासून घेतला. तुमच्याकडून आज काही नको. पण तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं. कोऱ्या कागदावर लिहिलंय, उलटून बघू नका.

तुमची,
यशोदा


आमोदखेडे
४ सप्टेंबर २०२५

प्रिय यशोदाबाई,

पत्र काल मिळालं. तुम्ही सरळ लिहिलंत, फार बरं वाटलं. आमच्या मंडळानं आजच ठराव केला. धनादेश तयार आहे, तुम्ही म्हणाल त्या दिवशी निघेल, किंवा नुसता तयार राहील.

पण लिहितेय ते दुसऱ्याच कारणासाठी. सभा चालू होती तेव्हा वच्छलाबाई दारात येऊन उभी राहिली. हो, तीच, पहिली. मुलीचं लग्न झालं. जुलैमध्ये तिनं खातं परत उघडलं होतं, दर शनिवारी टाकते. मला वाटलं, पुन्हा कुणी काही फिरवलं की काय. मी विचारलं, "काय गं, काढायचेत?"

ती म्हणाली, "नाही. त्या धुळ्याच्या बाईच्या संस्थेत माहं खातं निघंल का?"

"तुला कशाला तिथे खातं? इथे आहे ना."

"किरणताई सांगे, तिकडे बायका घाबरल्यात." मग पदराची गाठ सोडून तिनं दोन हजार टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "त्या दिवशी मी पहिली होती रांगेत, काढाले. माहा नंबर झाला न् मी घरी गेली. त्या बाई मागून आल्या, त्यायले पाह्यलं बी नाही मी. आता त्यायच्या दारात रांग लागली तं भरनारं कुनी उभं नको का?"

किरण उठली आणि तिनं एका कागदावर नाव लिहायला घेतलं. पॅकहाऊसला निरोप गेला. संध्याकाळपर्यंत कागदावर सव्वीस नावं झाली. कुणाचे पाचशे, कुणाचे हजार. तुमच्या संस्थेला त्याचा काय आधार होणार, हे मी त्यांना विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

येत्या सोमवारी पहाटे सहाच्या बसनं आम्ही निघतो, साडेदहापर्यंत धुळ्यात पोहोचू. आधार कार्ड, फोटो, सगळं किरणनं तपासून घेतलंय, ज्ञानेश्वरला फॉर्म काढून ठेवायला सांगा. जेवणाचं काही करू नका, बायका डबे आणताहेत, तुमच्यासाठीही. मला उन्हाचं काही होत नाही. रांगेत शेवटी सत्तावीस जणींची जागा ठेवा.

तुमची,
कुंदा